केळवणाचं पान मांडताना

पहिलंच केळवण घरी करते आहेस, तर आधी पानांचं बघ. केळीची पानं ओल्या फडक्याने पूस आणि गॅसच्या मंद आचेवरून भरभर फिरव. रंग गडद होतो, पान मऊ पडतं, मग चिरत नाही. टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला.

वाढायला सुरुवात मिठापासून, वर मध्यभागी. त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. डावी बाजू बेताचीच वाढ. लोणच्याचा खार कोशिंबिरीत उतरला की दोन्हींची चव जाते. समोर भाताची मूद, त्यावर वरण. तूप मात्र माणसं बसल्यावरच, कढवून गरम असं. आधी वाढलंस तर थंडीच्या दिवसांत थिजून जातं.

टेबलावर मांडणार असशील तर आमटी आणि मठ्ठा वाटीतच दे, नाहीतर ओघळ थेट नवरीच्या साडीवर. रांगोळीही टेबलावर नको, पंख्याने उडून पानात येते. झेंडूच्या पाकळ्या पुरे, खरंच छान दिसतात.

आणि वाढायला दोघंजण वेगळे नेम. तू नवरीशेजारी बस, तिला सावकाश जेवू दे.