ड्रायर दोन तास फिरूनही कपडे दमट: पावसाळ्यात वीज नेमकी जाते कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीचा फ्लॅट, 6 किलोचा व्हेंटेड ड्रायर, म्हणजे गरम दमट हवा पाइपातून बाहेर फेकणारा. जुलैत एका फेरीला दोन-सव्वादोन तास लागतात, तरी जीन्सची कंबर ओलीच राहते. पाइप ड्राय बाल्कनीत सोडलाय, कपडे टॉप लोड मशीनमधून येतात. हा काढून हीट पंपाचा ड्रायर, म्हणजे हवा बाहेर न फेकता तीच उष्णता पुन्हा वापरणारा, घ्यावा का?

एवढ्यात घेऊ नका. तुमची वीज दोन जागी वाया जातेय आणि त्या दोन्ही जागा ड्रायरच्या बाहेर आहेत.

आधी मोजून बघा. एक लिटर पाण्याची वाफ करायला 0.67 युनिटच्या आसपास वीज लागतेच, ते काही टळत नाही. कपडे, ड्रम आणि बाहेर जाणारी हवा तापवण्यात आणखी थोडी जाते, म्हणून धडधाकट व्हेंटेड ड्रायर लिटरमागे साधारण 1 युनिट खातो. प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा काटा घ्या, कपडे पिशवीत भरून ड्रायरमध्ये टाकण्यापूर्वी आणि काढल्यावर तोला. जेवढे किलो कमी भरतील तेवढे लिटर पाणी गेलं. युनिट मोजायला 16 अँपिअरचा, वीज मोजणारा स्मार्ट प्लग वापरा. नसेल तर एसी, गिझर, फ्रिज बंद ठेवून मीटरचा आधीचा-नंतरचा आकडा लिहा. यंत्रावरचे वॅट गुणिले तास असा हिशोब करू नका, कारण थर्मोस्टॅट मधूनमधून हीटर बंद करतो. लिटरमागे 1 ते 1.1 युनिट आलं तर यंत्र ठीक आहे. 1.3 च्या वर गेलं तर हवा कुठेतरी अडतेय.

आता पहिली गळती, स्पिन. पाच किलो सुती कपड्यांत मिनिटाला 700-800 फेऱ्यांच्या स्पिननंतर साडेतीन लिटरच्या आसपास पाणी उरतं. 1400 फेऱ्यांना तेच अडीच लिटरवर येतं. म्हणजे एका फेरीमागे ड्रायरचं जवळजवळ एक युनिट वाचतं आणि जास्तीच्या स्पिनला पाव युनिटही लागत नाही. तुमच्या टॉप लोडला एवढा वेग नाही, पण धुणं संपल्यावर गुंतलेले कपडे हाताने सोडवा, टबात सगळीकडे सारखे पसरा आणि सगळ्यात वरच्या वेगावर नुसता स्पिन परत लावा. ड्रेनच्या पाइपाकडे लक्ष ठेवा. धार आली तर समजा की पहिला स्पिन तोल गेल्यामुळे पूर्ण वेगाला पोचलाच नव्हता. टॉवेल आणि जीन्सच्या बाबतीत हे नेहमी होतं. (सेमी ऑटोमॅटिकच्या स्पिनरवर 1300 लिहिलेलं असतं, पण त्याची टोपली लहान, त्यामुळे त्या आकड्याची फ्रंट लोडच्या 1300 शी बरोबरी होत नाही. तरी तो पिळतो चांगला.)

दुसरी गळती मोठी आहे: तो पाइप. बाहेर दमटपणा आहे म्हणून ड्रायर चालत नाही, असं बहुतेकांना वाटतं. ते खरं नाही. 30 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा 60 अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता जेमतेम 20 टक्क्यांवर येते. ती हवा कपडे छान वाळवते. पण काचा लावून बंद केलेल्या ड्राय बाल्कनीत पाइप सोडला की पंधरा-वीस मिनिटांत तिथली हवा वाफेने भरते आणि ड्रायर तीच परत आत ओढतो. मग तेच पाणी ड्रममध्ये फिरत राहतं. काचेवरून ओघळ येत असतील, भिंतीला हात लावल्यावर ओल लागत असेल, तर तुमच्याकडे हेच चाललंय.

यावर उपाय एकच, पाइपाचं तोंड थेट इमारतीबाहेर काढायचं. सरकत्या खिडकीची एक काच काढून तिथे ॲक्रिलिकचा तुकडा बसवा आणि त्यात 4 इंची भोक पाडून घ्या (आधी यंत्राचं तोंड मोजा, काही मॉडेलांत वेगळं असतं). डक्ट, म्हणजे हवा नेणारा हा पाइप, पत्र्याचा किंवा ॲल्युमिनियमचा, आतून गुळगुळीत असावा. एसीचं डक्टिंग करणारे करून देतात. प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप वापरू नका, तो उष्णतेने मऊ पडतो आणि आग लागली तर पेटतो. अकॉर्डियनसारखा ताणायचा पाइप असेल तर पूर्ण ताणून जास्तीचा कापून टाका, कारण लिंट (कपड्यांतून सुटणारा तंतूंचा भुगा) त्याच्या वळ्यांतच बसतं. काटकोनी वळण म्हणजे सरळ पाच फूट डक्ट, असा अमेरिकेतल्या बांधकाम नियमांचा हिशोब आहे (त्यांची एकूण मर्यादा 35 फूट). तुमच्या छोट्या पंख्याला तेवढं झेपणार नाही. दोन मीटर आणि एक वळण यात भागवा. सांध्यांना क्लॅम्प आणि ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा. स्क्रू मारू नका, आत आलेल्या टोकाला लिंट अडकून गोळा होतो. डक्टला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे आत साचलेलं पाणी यंत्रात परत येणार नाही.

आणि बाहेरच्या तोंडाला जाळी नको. कबुतरांसाठी जाळी लावावीशी वाटते, पण ती महिन्याभरात लिंटने लिंपून जाते. हवेने उघडणारी, यंत्र थांबल्यावर मिटणारी झडप लावा आणि ड्रायर चालू असताना तिच्यासमोर हात धरून बघा. हवेचा जोर चांगला जाणवला पाहिजे. झडप अर्धवट उघडत असेल तर डक्ट तुंबलाय.

बाहेर गेली तेवढी हवा घरात आलीही पाहिजे. ड्रायरच्या खोलीची दुसरी खिडकी चार बोटं उघडी ठेवा. शेजारच्या खोलीत एसी चालू असेल तर मधलं दार बंद ठेवा, नाहीतर ड्रायर थंड केलेली हवा ओढून बाहेर फेकेल.

लिंटची जाळी प्रत्येक फेरीनंतर पुसायचीच. पण सॉफ्टनर वापरत असाल तर तिच्यावर न दिसणारा मेणचट थर बसतो. जाळी नळाखाली धरा. पाणी आरपार न जाता वर साचलं तर भांड्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासा आणि पूर्ण वाळवून बसवा. तुमच्या ड्रायरला ओलाव्याचा सेन्सर असेल तर ड्रमच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या दिसतील. त्यांच्यावरही तोच थर बसतो आणि यंत्राचा अंदाज चुकतो. कापसावर व्हिनेगर घेऊन पुसा.

ड्रम दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. पातळ आणि जाड कपडे वेगवेगळ्या फेऱ्यांत टाका, नाहीतर शर्ट कधीच वाळलेले असतात आणि यंत्र जीन्ससाठी फिरत राहतं. दुलईच्या अभ्र्याची बटणं लावा, नाहीतर बाकीचे कपडे त्याच्या पोटात शिरून गोळा होतो आणि तो आतून ओला राहतो.

आता वेळेबद्दल. शेवटचा ओलावा सगळ्यात हळू निघतो आणि पावसाळ्यात तो काढून उपयोगही नाही. 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत सुती कापड स्वतःच्या वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास पाणी धरून असतं, जुलैच्या हवेत त्याहून बरंच जास्त. कडकडीत वाळवलेला टॉवेल कपाटात ते परत ओढून घेतोच. म्हणून कंबरपट्टी आणि शिवणी हाताला जराशा दमट लागतात तेव्हाच कपडे काढा आणि पंख्याखाली दोरीवर टाका. 30 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा पाच तासांत 0.15 युनिट घेतो. ड्रायरचा शेवटचा अर्धा तास त्याच्या कितीतरी पट महाग पडतो, आणि तोही तुमच्या बिलाच्या सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये मोजला जातो.

हीट पंपाचं यंत्र लिटरमागे 0.4 ते 0.5 युनिटमध्ये काम करतं आणि त्याला डक्ट लागत नाही. वाफेचं पाणी टाकीत किंवा ड्रेनमध्ये जातं. पण चार महिने, महिन्याला 20 फेऱ्या आणि फेरीमागे 1.8 युनिटची बचत धरली तर वर्षाला 144 युनिट वाचतात. युनिटला 12 रुपये धरले तर सुमारे 1,700 रुपये. यंत्र 60,000 रुपयांना पडलं तर पैसे सुटायला 35 वर्षं. खिडकी फोडायला सोसायटीची परवानगी मिळतच नसेल, किंवा घरात लहान बाळ असून वर्षभर रोज ड्रायर लागत असेल, तर गोष्ट वेगळी. युरोपात राहणाऱ्यांना हा प्रश्नच उरलेला नाही: 1 जुलै 2025 पासून तिथे लागू झालेल्या नियमांत हीटरवर चालणारे नवे ड्रायर बसत नाहीत.

एक सावधगिरी विजेसाठी नाही, घरासाठी. मालिशचं किंवा स्वयंपाकाचं तेल लागलेली फडकी, टॉवेल, उशांचे अभ्रे ड्रायरमध्ये टाकू नका. धुऊनही तेल पूर्ण जात नाही, आणि गरम कपड्यांचा ढीग बंद ड्रममध्ये पडून राहिला तर आतल्या आत तापत जाऊन पेटू शकतो. वेळ वाचवायला शेवटची थंड हवेची दहा मिनिटं कापू नका, ती याचसाठी असतात.