ओढ्यात ऑक्सिजन सकाळी 5, दुपारी 11 मिलिग्रॅम?

प्रश्न : आमचे नववीचे विद्यार्थी ओढ्याच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने (रसायनं घालून मोजायची पद्धत) मोजतात. जागा एकच, रसायनंही तीच. पण सकाळच्या गटाला लिटरमागे 5 मिलिग्रॅम मिळतो, दुपारच्या गटाला 11. चुकलं कोणाचं?

उत्तर : बहुधा कोणाचंच नाही. रात्रभर शेवाळ आणि जिवाणू ऑक्सिजन वापरतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. ऊन चढलं की शेवाळ तो सोडू लागतं. 28 अंश सेल्सिअसला पाणी हवेतून साधारण 7.8 मिलिग्रॅमच घेऊ शकतं. 11 म्हणजे त्या मर्यादेच्या साधारण 140 टक्के. हा आकडा पाहून मुलं खूश होतील, पण तो स्वच्छतेचा दाखला नव्हे. खत किंवा सांडपाणी येऊन शेवाळ माजलंय का, ते बघा. दुपारी सामूही (pH) चढलेला असेल, तर संशय शेवाळावरच. वेळ आणि तापमान न लिहिलेली नोंद मात्र सरळ बाद करा.

तरी कृती एकदा तपासाच. बाटली पाण्याखाली तिरपी धरून भरायची, बूचही तिथेच लावायचं. उलटी केल्यावर बुडबुडा दिसला, तर ओतून पुन्हा भरा. 300 मिलिलिटरच्या बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड प्रत्येकी 1 मिलिलिटर, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. साका (तळाशी बसणारा गाळ) तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळपास नाही. तो खाली बसल्यावर 1 मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालायचं; साका विरघळून ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन सुटतं. हे काम शिक्षकांनीच करावं, चष्मा आणि हातमोजे घालून.

मग 200 मिलिलिटर घेऊन 0.025 नॉर्मल (तीव्रतेचं एकक) सोडियम थायोसल्फेटने अनुमापन, म्हणजे रंग जाईपर्यंत ते थेंबथेंब मोजून घालणं. रंग फिकट पिवळा झाल्यावरच स्टार्च घाला. घाई केली तर आयोडीन स्टार्चला धरून बसतं आणि अंतिम बिंदू नीट कळत नाही. निळा रंग पहिल्यांदा गेला की थांबा, नंतर परतला तरी सोडून द्या. जितके मिलिलिटर लागले, तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर. थायोसल्फेट जुनं होऊन कमजोर झालं की ते जास्त लागतं आणि आकडा उगाच फुगतो.

प्रश्न : रसायनं नसतील तर?

उत्तर : वाहत्या पाण्यातले दगड उलटून पाहा. स्टोनफ्लाय, मेफ्लाय या कीटकांची पिल्लं भरपूर ऑक्सिजन मागतात. नुसत्या लाल कायरोनोमिड अळ्याच (डासासारख्या, न चावणाऱ्या माश्यांच्या) सापडल्या, तर लक्षण बरं नाही. हिमोग्लोबिनमुळे त्या कमी ऑक्सिजनमध्येही तगतात. दगड पुन्हा होता तसाच ठेवा.