टीएसएच वाढलेला असताना थायरॉईड मंदावली असे का म्हणतात?

दादरच्या प्रयोगशाळेतून आलेल्या अहवालात टीएसएच वाढलेला असूनही डॉक्टर थायरॉईड मंदावल्याचे सांगतात, ही विसंगती कशी, असे आपण विचारले आहे. ही विसंगती नाही, कारण टीएसएच हे थायरॉईडचे संप्रेरक नसून मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीचे आहे. रक्तातील थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचे स्वतःचे संप्रेरक, घटले की ती थायरॉईडला अधिक जोराने चालना देऊ लागते आणि हा आकडा चढतो. थायरॉक्सिन रक्तात निम्मे व्हायला सुमारे ७ दिवस लागतात, म्हणून उपचारासाठी दिलेल्या थायरॉक्सिनच्या गोळीचा परिणाम ६ ते ८ आठवड्यांनी तपासतात. त्याआधीच पुन्हा चाचणी करून घाबरणे मला अनाठायी वाटते. गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यावी आणि सकाळच्या लोकलची कितीही घाई असली तरी चहा किमान अर्ध्या तासाने प्यावा. कॅल्शियमच्या गोळीत मात्र ४ तासांचे अंतर हवे.