गोष्ट 'बोलली' का 'सांगितली'?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई नमस्कार. आम्ही निपाणी बाजूचे, घरात तंबाखू आणि थोडा ऊस. पोरगा पाचवीला आहे मराठी शाळेत, नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरलाय आणि भाषा मराठी टाकलीय. गणित बरं आहे, बुद्धिमत्ता पण जमतंय, भाषेतच मार खातोय, त्यात क्रियापदाचा समानार्थी शब्द विचारला की हमखास चुकतोय. क्लासवाल्यांनी जोड्यांचं झेरॉक्स दिलंय, ते रोज रात्री पाठ म्हणवून घेतो, घडाघडा म्हणतो सुद्धा, पण पेपरात गोल भलताच रंगवून येतोय. परवा 'आजीने गोष्ट सांगितली' ह्याला 'बोलली' केलं. घरात आम्ही हुडकणं, गावणं असलंच बोलतो, त्यामुळं होतंय का हे? आता पोराला घरात शुद्ध बोलायला लावायचं काय?

उत्तर : दादा, शेवटचं पहिल्यांदा सांगते. घरातलं बोलणं बदलू नका. ज्याला हुडकणं माहीत आहे त्याला शोधणं शिकवायला अर्धा मिनिट लागतं, कारण काम त्याला आधीच ठाऊक आहे, फक्त पुस्तकातलं नाव नवीन. आणि आपल्या भागात तर कानडीत पण हुडुकु म्हणजे शोधणंच, म्हणजे पोराच्या कानावर तो शब्द दोन्हीकडून पडतोय. एक वही करा, डाव्या बाजूला घरचा शब्द, उजव्या बाजूला पुस्तकातला. हुडकणे – शोधणे. गावणे – सापडणे. धाडणे – पाठवणे. दडणे – लपणे. निजणे – झोपणे. कावणे – रागावणे. चावळणे म्हणजे झोपेत बडबडणे, ह्याला एका शब्दात पुस्तकातलं नाव मला तरी बरं गावलं नाही, तुम्हाला गावलं तर कळवा. ही वही पोरानं स्वतः भरायची, आजीजवळ बसून, तुम्ही भरून द्यायची नाही.

आता खरी चूक कुठं होतेय ते. त्या झेरॉक्सवर 'बोलणे = सांगणे = म्हणणे = वदणे' असं काहीतरी असणार, मी न बघता सांगते, कारण मी स्वतः बरीच वर्षं पोरांना असल्याच जोड्या पाठ करून घेतल्यात आणि पोरं अशीच चुकायची, मग मी त्यांनाच रागावायचे. नामाचं एक बरं असतं, सूर्य म्हणजे रवी म्हणजे भास्कर, कुठंही ठेवा, फारसं बिघडत नाही. क्रियापदाचं तसं नाही हो, ते आजूबाजूचे शब्द बघून बसतं. आजीनं गोष्ट सांगितली, बरोबर. आजीनं गोष्ट बोलली, असं तुमच्या घरात कोण म्हणतं? कुणीच नाही. पोरगं पण म्हणत नाही. तरी पेपरात रंगवून आलं, कारण त्यानं वाक्य वाचलंच नाही, डोक्यातली जोडी वाचली. तिथं 'कथन केली' असा पर्याय असेल तर तो बसतो.

म्हणून एकच सवय लावा, पर्याय वाक्यात घालून मोठ्यानं म्हणायचं. घरी मोठ्यानं, पेपरात मनातल्या मनात. कानाला खटकलं की तो पर्याय गेला. तुमच्या शेतातलंच घ्या की. तंबाखूचा शेंडा खुडतात, ऊस तोडतात. शेंडा तोडला म्हटलं तर एकवेळ चालून जाईल, पण 'ऊस खुडला' म्हणा पोरापुढं, हसेल बघा. ते हसलं म्हणजे त्याला कळलंय, झेरॉक्सपेक्षा जास्त कळलंय. मग पुढं न्या : नारळ काय करतात, कापड काय करतात, भाकरीचा तुकडा काय करतात, भुईमूग काय करतात. फोडणे, फाडणे, मोडणे, उपटणे. सगळ्यात काहीतरी तुटतंच, पण एकाच्या जागी दुसरं बसत नाही.

पेपर काढणारे तीन ठिकाणी गंडवतात, ते एवढ्या वर्षांत पाहून पाहून पाठ झालंय.

एक म्हणजे आवाजाला सारखे शब्द. समजा उताऱ्यात आहे, 'चार दिवस पाऊस लागला आणि राकसकोप धरण ओसंडलं.' पर्याय : ओसरलं, साचलं, भरून वाहिलं, उतू गेलं. घाईतलं पोरगं 'ओसरलं' रंगवतं, ते तर उलट अर्थाचं, पाणी कमी झालं. आणि थोडं हुशार पोरगं 'उतू गेलं' वर जातं, पण उतू जातं ते चुलीवरचं दूध, धरण नाही; धरण भरून वाहतं. ह्या एका वाक्यावर मी मागं एकदा अख्खा तास घालवलाय, पोरं भांडायला उठली होती, त्यातल्या एकीचं म्हणणं असं की बाई धरण पण तापतंय उन्हानं.

दुसरं, पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे, मरणे-मारणे. अर्थ एकाच घरातला पण एकात आपोआप होतंय, दुसऱ्यात कुणीतरी करतंय. 'गाठ सुटली' ह्याला 'सोडली' हे उत्तर नव्हे, 'निघाली' चालेल. सकर्मक-अकर्मक ही नावं पाचवीच्या पोराला सांगितली नाहीत तरी चालतंय, नुसतं विचारा, "आपोआप झालं का कुणी केलं?" तेवढ्यात काम होतं.

आणि तिसरं सगळ्यात मजेशीर, साधं क्रियापद पण अर्थ भलताच. तुम्हीच पत्रात लिहिलंय की 'भाषेत मार खातोय'. इथं खाणे म्हणजे जेवणे का? सोसणे. पैसे खाल्ले म्हणजे हडप केले. भाव खाल्ला म्हणजे मिजास केली. डोकं खाल्लं म्हणजे त्रास दिला. एक खाणे घेऊन रात्री जेवताना खेळ करा, ज्याला नवीन वाक्य सुचत नाही त्यानं ताटं उचलायची. दुसऱ्या दिवशी लागणे घ्या, ते तर संपतच नाही, भूक लागते, नोकरी लागते, आग लागते, ठेच लागते, वेळ लागतो, नाद लागतो.

तुमच्या परीक्षेचं म्हणाल तर नवोदयच्या भाषेच्या भागात 4 उतारे असतात, प्रत्येकावर 5 प्रश्न, म्हणजे 20 प्रश्न, 25 मार्क, त्याला अर्धा तास धरलेला. सुटा शब्द समोर टाकून नुसता समानार्थी विचारत नाहीत, उताऱ्यातला शब्द विचारतात, म्हणून तर जोड्या पाठ करून भागत नाही म्हणतेय मी. एका उताऱ्याला साधारण सात-साडेसात मिनिटं मिळतात, तेवढ्यात वाक्याकडं परत जाऊन पर्याय घालून बघायला भरपूर वेळ आहे, पोरं जात नाहीत ती आळसानं. चुकीला मार्क कापत नाहीत, त्यामुळं शेवटी दोन पर्यायांत अडकलं तर एक रंगवून पुढं जायचं, गोल रिकामा सोडायचा नाही. सैनिक स्कूलचा फॉर्म पण भरणार असाल तर तिथं सहावीसाठी भाषेचे 25 प्रश्न आहेत 50 मार्कांचे, आणि सहावीचा पेपर मराठीतून देता येतो. तयारी हीच, वेगळा क्लास लावू नका त्याला.

झेरॉक्स टाकून द्या म्हणत नाही, पैसे दिलेत तुम्ही. रोज त्यातल्या पाचच जोड्या घ्या आणि पोराला म्हणा, कुठल्या वाक्यात ही जोडी चालते ते एक सांग आणि कुठल्या वाक्यात चालत नाही ते पण एक सांग. 'चालत नाही' वालं वाक्य सापडलं पाहिजे, तोवर पुढची जोडी नाही. सुरुवातीला पाचाला तास जाईल. जाऊ दे.

प्रश्न : बाई मी खानापूर तालुक्यातली, पाचवीत आहे. 'पेरणे' ला समानार्थी मी 'लावणे' लिहिलं तर शाळेतल्या बाईंनी चूक दिली. पण आमच्यात भात लावतातच की! बरोबर कोण?

उत्तर : तुझ्या बाई बरोबर आहेत गं, पण तू पण खोटं बोलत नाहीस. बी पेरतात आणि रोप लावतात. आधी तरवा टाकायचा, म्हणजे वाफ्यात रोपं तयार करायची, रोप वर आलं की उपटून चिखलात लावायचं, ती लावणी. कुरीनं, म्हणजे पेरायच्या अवजारानं, सरळ शेतात बी टाकलं तर ती पेरणी. दोन्ही भाताचीच कामं, पण कामं दोन आहेत, म्हणून एकाच्या जागी दुसरा शब्द चालत नाही. तुझ्या आजोबांना म्हण, "आज बी लावूया काय?" आणि ते काय म्हणतात ते मला लिहून पाठव. तुमच्यात कुरीनं पेरतात का चिखल करून लावतात, ते पण लिही.