पाणी चढलं, की तळ खचला?

सोलापूर

चि. पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कच्छच्या सेक्शनमध्ये, म्हणजे उघड्या पडलेल्या थरांत, वर जाल तशी रेती भरड होतेय, म्हणजे समुद्र उथळ होत गेला. समुद्रपातळीचा जागतिक आलेख मात्र त्याच काळात चढ दाखवतोय. आणि तू काय करतेस, तर आपलंच मोजमाप चुकलं म्हणून रडत बसलीस! अगं, आधी एवढंच विचार: पाणी चढलं, की तळ खचला?

उजनी धरणाचं पाणी मायनसमध्ये गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. देऊळ वर आलं, असं आपल्याकडचं शेंबडं पोरही म्हणणार नाही. पण तुझ्याच कच्छात १६ जून १८१९ला काय झालं? भूकंपात सिंदरीचा किल्ला खचून पाण्यात गेला आणि त्याच्या उत्तरेला अल्लाबंद हा जमिनीचा लांब बांध उचलला गेला. समुद्र होता तिथेच होता. उद्या कुणी तिथला गाळ वाचला, तर एका जागी समुद्र चढलेला दिसेल, दुसऱ्या जागी उतरलेला.

बर्फ वितळला-गोठला की समुद्राचं पाणी भराभर चढतं-उतरतं. वीसेक हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. सागरतळाच्या पर्वतरांगा फुगल्या तरी पाणी चढतं, पण त्याला लाखो-कोट्यवधी वर्षं लागतात. तुझं कच्छ म्हणजे गोंडवन हा जुना महाखंड फाटताना पडलेली भेग. तिथले जमिनीचे ठोकळे प्रस्तरभंगांवर, म्हणजे खडक तुटून सरकतात त्या भेगांवर, कलत, खचत राहिले. त्यात नद्यांनी गाळ एवढा ओतला, की समुद्र चढत असतानाही किनारा पुढे सरकावा. मग तुझी भरड रेती आणि तो आलेख, दोन्ही खरे असू शकतात की नाही?

मी हे उशिरा शिकलो. १९८७मध्ये तो प्रसिद्ध समुद्रपातळीचा आलेख छापून आला आणि आम्ही सगळे त्याच्या प्रेमात पडलो. तमिळनाडूतल्या अरियालूरच्या माझ्या लॉगमधली, म्हणजे थरांच्या नोंदवहीतली, एक विसंगती त्यात बसेना, म्हणून मी ती ‘स्थानिक’ म्हणून खोडली. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, ‘प्रस्तरभंग तेव्हा हलत नव्हता कशावरून?’ माझी दातखीळ बसली. नंतर बोअरचे पॉइंट काढत आयुष्य गेलं. लोक म्हणतात, मी संशोधन सोडलं. सोडलं नाही, आपल्याकडच्या बेसाल्टला समुद्राशी देणंघेणं नव्हतं, एवढंच. आणि आलेखावर सगळेच भाळले होते, मी एकटा नाही.

असो. प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजूंना तोच थर मोज. खचलेल्या बाजूला जाड निघाला, तर गाळ साचतानाच जमीन हलत होती. मग त्याच अमोनाइटांच्या, म्हणजे थराचं वय सांगणाऱ्या शंखजीवाश्मांच्या, पट्ट्यावर जैसलमेर बघ. तिथेही तोच बदल, तर पाण्यावर संशय घे. फक्त कच्छात, तर जमिनीवर. आपल्या घरोघरची शहाबादी फरशीही समुद्राचाच गाळ, पण तो इतका जुना की त्यात अमोनाइट नाहीत. असा बारीक काळ तिथे लागत नाही. तुझ्याकडे अमोनाइट आहेत आणि तू रडतेस!

गाइडशी भांडू नकोस. पण लॉगमधला एक सेंटिमीटरही खोडलास तर माझ्याकडे येऊ नकोस. पाणी की जमीन, हे ठरल्याशिवाय आलेखाला हात लावायचा नाही.

दिवाळीला आलीस की माझी अरियालूरची वही दाखवतो. खोडलेली ओळ पान तिरकं धरलं की अजून वाचता येते.