आंतरविद्याशाखीय, बहुविद्याशाखीय की अंतर्विद्याशाखीय?

प्रश्न कोल्हापूरच्या एका प्राध्यापक बाईंचा आहे. पंचगंगेच्या पुरावर संशोधन प्रकल्प आखला जातोय. भूगोल, पर्यावरणशास्त्र, इतिहास आणि मराठी अशा चार विभागांची माणसं त्यात आहेत. प्रस्ताव मराठीतच लिहायचा असं ठरलं आणि पहिल्याच ओळीवर गाडी अडली. एकाने 'बहुविद्याशाखीय' लिहिलं, दुसऱ्याने 'आंतरविद्याशाखीय', तिसऱ्याने ते खोडून 'अंतर्विद्याशाखीय' केलं. बाई विचारतात, बरोबर कोणतं? आणि या चौघांनी एकमेकांना सहकारी म्हणायचं, सहयोगी म्हणायचं की आणखी काही?

तिसरा शब्द आधी बाजूला काढू. संस्कृतातल्या 'अन्तर्'ला 'आत' आणि 'दरम्यान' असे दोन्ही अर्थ आहेत, गोंधळाचं मूळ तिथे आहे. मराठीने मात्र वापरता वापरता त्यांची वाटणी करून टाकली. अंतर्गत, अंतर्मन, अंतर्वक्र हे सगळं आतलं. आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय, आंतरमहाविद्यालयीन हे सगळं एकापेक्षा जास्त गोष्टींच्या दरम्यानचं. साने गुरुजींची 'आंतरभारती'ही त्याच रांगेतली, प्रांताप्रांतांना जोडणारी. टपालाच्या निळ्या पत्रावर 'अन्तर्देशीय' छापलेलं असे. ते हिंदी खरं, पण तिथेही अर्थ देशातल्या देशात असाच. तेव्हा मराठी वाचकाला 'अंतर्विद्याशाखीय'चा अर्थ लागेल एकाच विद्याशाखेच्या आतलं, म्हणजे तुमच्या प्रकल्पाच्या नेमका उलट. तो शब्द नको.

खरा प्रश्न उरतो तो 'बहु' आणि 'आंतर' यांचा. हे दोन्ही शब्द शुद्ध आहेत. कोणता घ्यायचा हे कोश सांगू शकणार नाही, तुमचं काम कसं चालणार आहे त्यावर ते ठरेल.

कोल्हापूर भागात हा फरक समजावायला शेतातला शब्द तयार आहे, आणि तो याच 'आंतर'चा आहे: आंतरपीक. सरीत ऊस लावला आणि वरंब्याच्या बगलेला भुईमूग किंवा सोयाबीन टोकलं, की ते आंतरपीक. ओळी वेगळ्या राहतात, ऊस ऊसच राहतो, पण माती एक, पाणी एक, आणि शेंगवर्गीय पिकाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, त्याचा लाभ उसाच्या जमिनीला होतो. याउलट वरच्या वावरात ऊस आणि खालच्या वावरात सोयाबीन असेल, तर सातबारा एकच असूनही त्याला कोणी आंतरपीक म्हणणार नाही. चार विभागांनी चार प्रकरणं लिहिली आणि ती एका अहवालात बांधली, तर ते वावराशेजारी वावर झालं. त्याला 'बहुविद्याशाखीय' म्हणावं, आणि तसं म्हणण्यात काही कमीपणा नाही. 'आंतर' तेव्हाच लिहावं, जेव्हा एका शाखेच्या माहितीशिवाय दुसरीचा प्रश्नच नीट मांडता येत नाही.

तुमच्याच विषयातली एक जागा दाखवतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट धरतात. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर या दोन आकड्यांकडे डोळे लावून असतं. भूगोलाच्या माणसाचा पूर फुटांत असतो. प्रयाग चिखलीच्या किंवा आंबेवाडीच्या वयस्क माणसाला विचारलं तर तो फूट सांगणार नाही. पाणी अमक्या देवळाच्या कितव्या पायरीला लागलं होतं, कुणाच्या सोप्यात शिरलं होतं, ते सांगेल. ती आठवण नोंदवून घेणं, कोणत्या सालच्या पुराची आहे हे दुसऱ्या आठवणींशी आणि जुन्या कागदांशी ताडून पाहणं, हे इतिहासाचं काम. त्या पायरीची उंची उपकरणाने मोजणं हे भूगोलाचं. दोन्ही झाल्याशिवाय मोजणी सुरू होण्याआधीच्या पुराचा आकडा मिळत नाही. एका माणसाचं काम जिथे संपतं तिथूनच दुसऱ्याचं सुरू होतं, आणि दुसऱ्याच्या उत्तरावरून पहिल्याला पुन्हा गावात जाऊन नवं काहीतरी विचारावं लागतं. या येण्याजाण्याला 'आंतर' हे उपपद शोभतं.

मराठी विभाग यात कशाला, असं कुणी विचारलं तर त्यांना 'मळी' हा शब्द दाखवा. कोल्हापुरात मळी म्हटलं की एक अर्थ साखर कारखान्याची मळी, उसाच्या रसातून साखर काढून झाल्यावर उरणारा काळा चिकट पाक. दुसरा अर्थ नदीकाठची, पुराच्या गाळाने पोसलेली जमीन. मुलाखतीत एखादी आजी म्हणाली, "मळीतलं पाणी आठ दिवस हललं नाही," तर ती नदीकाठच्या शेतात तुंबलेल्या पाण्याबद्दल बोलतेय. तेच वाक्य लेखी उताऱ्यात पर्यावरणशास्त्राच्या टेबलावर गेलं, तर प्रदूषणाची नोंद म्हणून वाचलं जाण्याचा धोका आहे, कारण नदीच्या प्रदूषणाच्या चर्चेतही मळी येतेच. बोलीचा जाणकार शेजारी बसलेला असेल तर ही गफलत जागच्या जागी थांबते. शिवाय गावकरी कुठल्या शेतांना मळी म्हणतात याची यादी केली, की पुराचं पाणी नेहमी कुठे पसरत आलंय याचा एक कच्चा नकाशाच हाती येतो. नंतर माती तपासून तो पक्का करता येईल. ही यादी तुमच्या प्रकल्पात जरूर ठेवा, अशी माझी आग्रहाची विनंती.

कोल्हापुरातलाच आणखी एक विषय या शब्दाला चपखल बसतो: अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी हे त्याचे रूढ दिवस. मावळतीची किरणं पश्चिमाभिमुख मूर्तीच्या चरणांपासून चढत चढत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत जातात. दोन्ही तारखा 21-22 डिसेंबरच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या, अलीकडे-पलीकडे साधारण सहा-सहा आठवड्यांवर आहेत, म्हणून दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर जवळपास त्याच जागी मावळतो. इतकं खगोलशास्त्र सांगेल. किरणांच्या वाटेत कोणती इमारत आडवी येते हे मोजणी सांगेल. पण ही रचना बांधणाऱ्यांनी मुद्दाम साधली का, आणि देवळाचा कोणता भाग कधी वाढवला गेला, हे ठरवायला स्थापत्याचा इतिहास आणि शिलालेख वाचणारा माणूस लागतो. हा प्रश्न एकट्या कुणाचाच नाही.

आता 'विद्याशाखा'. विद्यापीठाच्या कारभारी मराठीत या शब्दाला ठरावीक अर्थ आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 मध्ये चार विद्याशाखा केल्या आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. त्या चौथ्या शाखेत शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण असे विषय येतात, म्हणून शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात नुसतं 'आंतरविद्याशाखीय' म्हटलं की कुणाला ती चौथी शाखाच वाटू शकते. तुमच्या शीर्षकात 'मानव्यविद्या व विज्ञान यांचा आंतरविद्याशाखीय प्रकल्प' असं पूर्ण लिहिलंत तर शंका राहणार नाही. मजकुरात मात्र दर ओळीला हा लांबलचक शब्द नको. 'आंतरशाखीय' पुरे, कानालाही बरा लागतो.

मानव्यविद्येऐवजी 'कला शाखा' लिहू नये असं मला वाटतं. कॉलेजच्या प्रवेशापुरतं ते ठीक आहे. पण कोल्हापुरात कला म्हटलं की माणसाच्या मनात चित्र, शिल्प, नाटक येतं. तसंच 'विज्ञान'च्या जागी 'शास्त्र'ही नको. मराठीत शास्त्र दोन्ही तीरांवर आहे: भौतिकशास्त्र आहे तसं भाषाशास्त्र, नाट्यशास्त्र, नीतिशास्त्रही आहे. एकाच शब्दापासून 'शास्त्री' आणि 'शास्त्रज्ञ' झाले, एक पाठशाळेतला आणि एक प्रयोगशाळेतला. मला ही मराठीची मोठी श्रीमंती वाटते. पण जिथे दोन बाजू वेगळ्या दाखवायच्या आहेत, तिथे हा शब्द कामाचा नाही.

राहिला माणसांचा प्रश्न. 'सहकार'वर या जिल्ह्यात साखर कारखाने आणि दूध संघांचा इतका हक्क आहे की 'सहकारी संशोधन' वाचून लोक संस्थेची नोंदणी विचारतील. 'सहकार्य' म्हणजे दुसऱ्याच्या कामाला केलेली मदत. 'सहकार्याबद्दल आभारी आहोत' हे आपण बाहेरच्याला म्हणतो. 'सहयोगी' तर प्राध्यापकपदाची एक पायरीच झालीय, 'सहयोगी संशोधक' म्हटलं की ज्येष्ठ कोण, कनिष्ठ कोण ही चर्चा सुरू होते. एकत्र कामासाठी 'सहयोग' आणि माणसांसाठी 'सहसंशोधक' हे शब्द स्वच्छ आहेत. आणि प्रस्तावाच्या पहिल्या पानावर मराठी विभागाच्या नावापुढे 'भाषासाहाय्य' किंवा 'मुद्रितशोधन' असं काही घालू नका. भूगोल आणि पर्यावरणाच्या माणसांपुढे जो शब्द लिहाल तोच तिथेही लिहा: सहसंशोधक.