सगळं उष्णतेवर ढकलू नका

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. सासूबाईंची पाळी जाऊन दोन वर्षं झाली आणि आता महिन्याभरात दोनदा डाग दिसला. त्या म्हणतात उष्णता झाली, सब्जा पिते, जाईल. दुसरं, बायकांच्या डॉक्टरकडे कधी जायचं हे एरवी कसं ओळखायचं.

सासूबाईंचं आधी सांगते. त्यांना याच आठवड्यात न्या. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतर थेंबभर रक्त दिसलं, नुसतं गुलाबी पाणी गेलं, तेही एकदाच, तरी दाखवायचंच. सोलापूरच्या उन्हाळ्यात घोळणा फुटेल, पण गेलेली पाळी उन्हाने परत येत नाही.

तुम्हाला घाबरवत नाही. अशा दहा बायकांपैकी साधारण नऊ जणींना कॅन्सर नसतो. योनीचं किंवा गर्भपिशवीचं आतलं अस्तर कोरडं, पातळ झालेलं असतं किंवा पॉलिप, म्हणजे आत वाढलेला मांसाचा कोंब असतो. पण उरलेली एक कोण, हे बाहेरून कुणालाच कळत नाही. सोनोग्राफीत गर्भपिशवीच्या अस्तराची जाडी मोजतात. ती ४ मिलीमीटरपेक्षा जास्त निघाली किंवा डाग पुन्हा पुन्हा दिसला, तर आतला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात.

माझ्या मावशीने आठ महिने हेच लपवलं. कारण काय, तर दुखत नव्हतं. घरात सुनेला सांगायची लाज आणि ‘पिशवी काढायला लावतील’ ही भीती. शेवटी चादर खराब झाली तेव्हा कळलं. ती वाचली, पण ऑपरेशननंतर रेडिएशनसाठी फेऱ्या माराव्या लागल्या. लवकर गेली असती तर कदाचित तेवढं लागलं नसतं. तेव्हापासून कुणी ‘पण दुखत नाही ना’ म्हटलं की मला राहवत नाही.

आता तुमचं. आधी स्वतःची पाळी ओळखा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेनाने ठिपका करा, बास. २१ ते ३५ दिवसांनी येणारी आणि आठ दिवसांच्या आत संपणारी पाळी साधारण ठीक. दर तासाला पॅड बदलावं लागतंय, मोठ्या गाठी पडतायत, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जातंय, गरोदर नसताना तीन महिने पाळीच नाही, यातलं काहीही असलं तर जा. अंगावरून थोडं पांढरं जाणं नेहमीचं असतं. वास, खाज, हिरवट किंवा दह्यासारखं असेल तर मेडिकलवाल्याला विचारून ट्यूब आणू नका. पाळी चुकली आहे आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखून चक्कर येतेय, तर रात्र असली तरी तडक सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो आणि नळी फुटली तर जीवावर बेतू शकतं.

मुलींच्या दुखण्याबद्दल मला जास्त बोलायचंय. दर महिन्याला शाळा बुडते, उलट्या होतात, पोट धरून लोळते, आणि आपण म्हणतो, ‘लग्न झालं की थांबेल’. असं दुखणं एंडोमेट्रिओसिसचं, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढण्याच्या आजाराचं असू शकतं आणि त्यावर औषध आहे. लग्न न झालेल्या मुलीला आतून तपासतील या भीतीने आया टाळतात. तिची सोनोग्राफी लघवी तुंबवून पोटावरूनच करता येते. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल तरीही दाखवा.

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला जायचंय, घरात लग्न आहे म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या परस्पर घेऊ नका. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असेल किंवा तसा धोका असेल, तर त्या घातक ठरू शकतात.

आणि तिशीनंतर काही तक्रार नसली तरी गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्या. हे आपल्या शेजारीच सिद्ध झालंय. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या बायकांची एकदाच एचपीव्ही तपासणी, म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची तपासणी केली होती. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल त्या कामात होतं. २००९ साली निष्कर्ष आले. तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत त्या गावांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे होते.

पिशवी काढण्याची भीती अगदीच खोटी नाही, काही ठिकाणी घाईने सांगतात. तेव्हा विचारायचं: आजार नेमका काय, दुसरा उपाय कोणता, थांबलं तर काय होईल. रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जाता येतं. पण या भीतीपोटी तपासणी टाळू नका.

सासूबाई घरी तेलुगू बोलतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून त्यांना एकटं पाठवू नका. डाग कधी दिसला त्या तारखा आणि बीपी-शुगरच्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. बाईडॉक्टर हवी असेल तर नंबर लावतानाच सांगा. आतून तपासताना तुम्ही हात धरून शेजारी थांबू शकता, तसं आधी विचारून ठेवा. आणि दिवसाच्या विड्या वळायच्या राहतील म्हणून नको म्हणाल्या, तर आदल्या रात्री विडीची पानं कापायला तुम्ही बसा.